कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातली रक्ताची गुठळी : निर्णय कुणाचा?

(कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



तलाक, समान कायदा, मुलींचं शिक्षण हे आपले नेहमीचे विषय. आज मी बोलणार आहे पायातल्या रक्ताच्या गुठळीवर. पत्रिका वाचून एकाने मला फोन केला, "अरे, हा दवाखान्याचा विषय, आपल्या चळवळीचा काय संबंध?" संबंध आहे, पुढे येईलच. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. माझ्या फुफीच्या आजारपणात सात-आठ महिने दवाखान्याची धावपळ माझ्याकडे होती, तेव्हा या विषयाचा अभ्यास करणं भाग पडलं. आज जे सांगतोय त्यातला वैद्यकीय भाग पॅलिएटिव्ह केअरमध्ये काम करणाऱ्या एका डॉक्टरांनी तपासून दिला आहे. तरी कुणीही माझ्या भाषणावरून औषध सुरू किंवा बंद करू नका.

पॅलिएटिव्ह केअर म्हणजे गंभीर आजारात पेशंटचा त्रास कमी करण्यासाठी दिलेली सेवा. दुखणं, दम लागणं, उलट्या, झोप, मनाची घालमेल, सगळंच त्यात आलं. मुंबईत बांद्र्याला १९८६ साली शांती अवेदना सदन सुरू झालं, ते या देशातलं अशा सेवेचं पहिलं केंद्र. आपल्याकडे अजूनही "पॅलिएटिव्ह" शब्द ऐकला की नातेवाईक समजतात, डॉक्टरांनी हात वर केले.

आता गुठळीकडे येतो. कॅन्सर आणि गुठळी यांचं नातं जुनं आहे. पॅरिसच्या अर्मां त्रुसो या डॉक्टरांनी १८६५ मध्ये आपल्या व्याख्यानात ते मांडलं. दोन वर्षांनी त्यांच्याच शिरेत गुठळी झाली. तिचा अर्थ त्यांना लगेच कळला आणि त्याच वर्षी ते पोटाच्या कॅन्सरने गेले. कारणं साधारण तीन. कॅन्सरच्या पेशी रक्त गोठवणारी द्रव्यं सोडतात. पेशंट पडून राहतो, किंवा गाठ शिरेवर दाब देते, म्हणून रक्त संथ होतं. आणि केमो, शिरेत घातलेली नळी, ऑपरेशन यांनी शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होते. कॅन्सरच्या पेशंटला गुठळीचा धोका इतरांपेक्षा चार ते सात पट असतो. स्वादुपिंड, जठर, अंडाशय, फुप्फुस आणि मेंदूच्या कॅन्सरमध्ये तो विशेष जास्त.

गुठळी बहुतेक वेळा पायाच्या खोल शिरेत होते. एकच पाय सुजतो, जड होतो, पोटरी किंवा मांडी दुखते, कातडी गरम लागते. गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला तर एकाएकी धाप लागते, छातीत टोचतं, नाडी पळायला लागते, कधी माणूस कोसळतो. हे झालं तर रात्र असो, दिवस असो, डॉक्टरांना कळवायचं.

इथे आपल्या घरांचा संबंध येतो. एकच पाय सुजलाय हे दिसायला पाय दिसावा लागतो. आपल्या बायका सलवार वर करून पाय कुणाला दाखवतात? पुरुष डॉक्टरला नाही, मुलालाही नाही. बरं, डॉक्टरही घाईत असतात, "अशक्तपणाची सूज आहे" म्हणून पुढे जातात. माझ्या फुफीला अंडाशयाचा कॅन्सर होता. तिचा डावा पाय आठ दिवस सुजलेला होता आणि ते फक्त तिच्या सुनेला माहीत होतं. सुनेनं घरात सांगितलं, पण घरातल्या पुरुषांनी ते "कमजोरी" म्हणून सोडून दिलं. ब्रिटनमध्ये अशा पेशंटांच्या मुलाखती घेऊन अभ्यास झालाय, त्यातही हेच दिसलं. गुठळी होऊ शकते हे बऱ्याच जणांना कुणी सांगितलेलंच नव्हतं, त्यामुळे सूज आणि धाप त्यांनी कॅन्सरच्या किंवा केमोच्या खात्यावर टाकली.

म्हणून पहिली गोष्ट अगदी घरगुती आहे. शिवणकामाची टेप घ्या. गुडघ्याच्या वाटीखाली जे हाड पुढे येतं, तिथून दहा सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजा. तीन सेंटिमीटरहून जास्त फरक असेल तर डॉक्टरांना आकडा सांगा. "पाय जरा सुजलाय" म्हटलं तर कुणी लक्ष देत नाही. "डावी पोटरी उजवीपेक्षा चार सेंटिमीटर जाड आहे" म्हटलं की डॉपलर सोनोग्राफी लिहून मिळते. हे मोजायचं काम घरातली कुठलीही मुलगी करू शकते. डॉपलरला बाई टेक्निशियन किंवा बाई डॉक्टर मागायला लाजू नका. नसेल तर चादर टाकून, सोबत कुणाला तरी उभं करून तपासणी होते. तपासणीच टाळू नका.

गुठळी सापडली की "रक्त पातळ करण्याचं औषध" देतात. हे नाव फसवं आहे. रक्त पातळ होत नाही, गुठळी विरघळतही नाही. हे औषध गुठळी वाढू देत नाही आणि नवी होऊ देत नाही. असलेली गुठळी शरीर आपल्या वेगाने, आठवड्या-महिन्यांत जिरवतं. हे नीट समजून घ्या, कारण थांबवायचा प्रश्न येतो तेव्हा सगळं याच्यावर ठरतं.

पूर्वी वॉरफरिनच्या गोळ्या असायच्या. सारखी रक्ततपासणी, पालेभाज्यांचं पथ्य, केमोच्या औषधांशी भांडण, आणि उलटी झाली की सगळं गणित बिघडलं. २००३ मध्ये ६७६ कॅन्सर पेशंटांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. वॉरफरिन घेणाऱ्यांत सहा महिन्यांत पुन्हा गुठळी होण्याचं प्रमाण १७ टक्के होतं, डाल्टेपरिन नावाचं हेपरिनचं इंजेक्शन घेणाऱ्यांत ९ टक्के. तेव्हापासून इंजेक्शन हाच राजमार्ग झाला. आपल्याकडे एनॉक्झापरिन जास्त चालतं. पोटाच्या कातडीखाली रोज एक किंवा दोन सुया, पोटावर काळेनिळे डाग, आणि खर्च. मग नव्या गोळ्या आल्या. २०२० मध्ये अपिक्साबॅन या गोळीची डाल्टेपरिनशी तुलना प्रसिद्ध झाली. पुन्हा गुठळी ५.६ टक्के विरुद्ध ७.९ टक्के, आणि मोठा रक्तस्राव दोन्हीकडे जवळपास सारखा, चार टक्क्यांच्या आसपास. या जातीच्या दुसऱ्या दोन गोळ्यांमध्ये, रिव्हारोक्साबॅन आणि एडोक्साबॅनमध्ये, जठर-आतड्याचा कॅन्सर असेल तर पोटात रक्तस्राव जास्त होतो. म्हणजे कोणती गोळी हे कॅन्सर कुठे आहे, मूत्रपिंड कसं चालतंय, प्लेटलेट किती आहेत यावर ठरतं. प्लेटलेट ५० हजारांच्या खाली गेल्या की डॉक्टर डोस कमी करण्याचा विचार करतात, २५ हजारांच्या खाली गेल्या की बहुधा थांबवतात.

या अभ्यासांतली एक गोष्ट मला इंजिनियर म्हणून खटकली. त्यांत कोणते पेशंट घेतले होते? चालते-फिरते, काही महिने तरी आयुष्य अपेक्षित असलेले. दिवसातला बहुतेक वेळ बिछान्यावर असलेल्यांना आधीच वगळलं होतं. म्हणजे तुमच्या-माझ्या घरातला शेवटच्या टप्प्यातला पेशंट त्या आकड्यांमध्ये नाहीच. आमच्या धंद्यात एका मशीनवर तपासलेला प्रोग्रॅम वेगळ्याच मशीनवर चढवला तर कुणी हमी देत नाही.

मग बिछान्यावरच्या पेशंटचं काय? याचं उत्तर शोधणारा एक चांगला अभ्यास इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमधल्या पाच पॅलिएटिव्ह केंद्रांत झाला, २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. दाखल झालेल्या पेशंटांच्या मांडीच्या शिरेची खाटेवरच सोनोग्राफी केली. २७३ जणांची तपासणी नीट होऊ शकली, त्यांतल्या ९२ जणांच्या शिरेत गुठळी निघाली. तीनातल्या एकाला! पण पुढचं ऐका. गुठळी असलेले आणि नसलेले यांच्या आयुष्याच्या लांबीत फरक दिसला नाही. पायाच्या सुजेशिवाय इतर त्रासातही दिसला नाही.

या टप्प्यावर सोनोग्राफीत काय दिसतं यापेक्षा पेशंटला काय जाणवतं ते महत्त्वाचं. पाय ठणकतोय, झोप नाही, दम लागतोय, आणि पुढे काही महिने हाताशी आहेत, तर उपचार जरूर करा, त्याने आराम पडतो. उगाच शोधून काढलेली, न दुखणारी गुठळी, आणि माणूस शेवटच्या दिवसांत आहे, तर सुई टोचून काय मिळवायचं हे डॉक्टरांना विचारा. औषध देत असतानाही आणि न देतानाही बाकीचं करायचंच : पायाखाली उशी, दुखण्यावर पुरेसं औषध, धाप लागत असेल तर चेहऱ्यावर वारा येईल असा छोटा पंखा आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने मॉर्फिनचा लहान डोस. मॉर्फिन म्हणजे "नशा" असं म्हणून ते नाकारणारे आपल्यात पुष्कळ आहेत. दुखण्यासाठी मोजून दिलेलं मॉर्फिन म्हणजे दवा. यावर मी एवढंच बोलणार, तो स्वतंत्र भाषणाचा विषय आहे.

आता ज्या मुद्द्यासाठी मला इथे यावंसं वाटलं, तो. हेपरिन डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून बनतं. एनॉक्झापरिन, डाल्टेपरिन दोन्ही. फुफीच्या इंजेक्शनच्या खोक्यातला कागद माझ्या चुलतभावाने वाचला आणि घरात कुजबूज सुरू झाली. एका मौलानांना फोन झाला. ते म्हणाले, जान बचाने के लिए जायज है. चाचांनी ठरवलं, जायज आहे तर फुफीला सांगायचंच नाही, उगाच तिच्या मनाला लागेल. दवाखान्यानेही काही सांगितलं नव्हतं, त्यांच्या दृष्टीने ते फक्त एक इंजेक्शन.

मौलानांचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. नाइलाज झाला तर निषिद्ध गोष्टीला सूट, हे तत्त्व सूरह बकराच्या १७३व्या आयतीतच आहे. मक्केतल्या राबितच्या फिक्ह परिषदेने डिसेंबर २००३ मध्ये नेमकं या नव्या हेपरिनबद्दल ठराव केला : पुरेसा हलाल पर्याय नसेल आणि असलेल्या पर्यायाने उपचार लांबत असेल तर हे औषध चालेल. १९९५ मध्ये कुवेतला डॉक्टर आणि उलेमा एकत्र बसले, तेव्हा पदार्थ मुळातूनच बदलून दुसरा झाला तर त्याचा हुकूम बदलतो, या जुन्या विचारावरही चर्चा झाली. मला स्वतःला फतव्याची गरज वाटत नाही. फुफीला वाटत होती. पेशंट ती होती.

पण "जान बचाने के लिए" हे वाक्य इथे बसतच नव्हतं. फुफीची जान वाचणार नव्हती, हे सगळ्यांना माहीत होतं, तिलाही. इंजेक्शन पायाच्या दुखण्यासाठी आणि पुढची गुठळी टाळण्यासाठी होतं. शिवाय २००३ साली समोर पर्याय होता वॉरफरिनचा. आज अपिक्साबॅन आहे, ते कारखान्यात रसायनांपासून बनतं. गिळता येत नसेल तर फॉन्डापॅरिनक्स नावाचं इंजेक्शन आहे, तेही पूर्ण कृत्रिम. कॅन्सरमध्ये त्याचा अनुभव हेपरिनएवढा नाही आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर ते जपून वापरावं लागतं. म्हणजे वीस वर्षांपूर्वी नाइलाज म्हणून जे खरं होतं ते आज प्रत्येक पेशंटबाबत पुन्हा तपासावं लागतं. चौकशी न करता "जायज आहे" म्हणणं आणि चौकशी न करता "हराम आहे" म्हणून सुई फेकून देणं, दोन्हींत पेशंटला कुणी विचारलेलं नसतं. हा प्रश्न फक्त आपलाच आहे असंही समजू नका. गायीगुरांपासूनही हेपरिन बनवलं गेलं आहे, आणि शाकाहारी हिंदू किंवा जैन पेशंटला खोक्यातला कागद वाचून काय वाटेल याचा विचार करा. सांगून करणं ही सगळ्यांचीच गरज आहे.

फुफीला सांगितलं ते तिथल्या एका नर्सने, माझ्या समोर, सरळ शब्दांत. फुफी थोडा वेळ गप्प होती. मग तिने दोन प्रश्न विचारले. याने पाय हलका होईल का? आणि दुसरं काही आहे का? नर्स म्हणाली, होईल, आठवड्याभरात फरक पडेल. आणि हो, गोळी आहे, पण सध्या तुम्हाला उलट्या होतायत, गोळी टिकणार नाही. फुफी म्हणाली, मग उलट्या थांबेपर्यंत सुई द्या, नंतर गोळी. नर्स गेल्यावर तिने चाचांना जे सुनावलं ते आमच्या घरच्या भाषेतच सांगतो : "मरने वाली मैं हूँ, तो मुझे बता के करो, जो करना है वो."

दहा-बारा दिवस इंजेक्शन, मग गोळ्या. पाय बराच उतरला. घरातल्या घरात ती काठी घेऊन बाथरूमपर्यंत जायला लागली. दुसऱ्याने उचलून न्यावं लागू नये, हीच तिची त्या वेळची सगळ्यात मोठी इच्छा होती.

औषध सुरू करताना चर्चा होते, थांबवताना कुणीच करत नाही. आमच्याकडे सर्व्हरवर काही काम रोज ठरलेल्या वेळी आपोआप चालावं म्हणून लावून ठेवतात. लावणारा माणूस नोकरी सोडून जातो, गरज संपते, तरी ते रोज रात्री दोन वाजता चालतंच राहतं, कारण बंद करायची जबाबदारी कुणाची नसते. गुठळीच्या औषधाचं तसंच होतं. माणूस पाणीसुद्धा गिळू शकत नाही आणि त्याला गोळी कुस्करून चमच्याने भरवली जाते. पोटावर जागा उरलेली नाही आणि सुई चालूच. युरोपात सेरेनिटी नावाचा मोठा प्रकल्प केवळ यासाठी चालू आहे की आयुष्याच्या शेवटी ही औषधं कधी आणि कशी थांबवावीत याचा निर्णय पेशंट आणि डॉक्टर मिळून कसा घेतील.

थांबवण्याचा विचार कधी करायचा? रक्तस्राव सुरू झाला, प्लेटलेट घसरल्या, मूत्रपिंड थकलं, गिळणं बंद झालं, किंवा पेशंटच म्हणाला की आता पुरे. शेवटचे काही दिवस राहिले असतील तर पुढच्या महिन्यातली गुठळी टाळण्याला अर्थ नसतो. आपल्याकडे लगेच कुणीतरी म्हणतं, औषध बंद करणं म्हणजे अल्लाहच्या रहमतीवरून विश्वास उडणं, किंवा मारून टाकणं. निरुपयोगी झालेलं औषध थांबवणं म्हणजे जीव घेणं नव्हे. आजार आपल्या वाटेने जातो, आपण फक्त सुई बाजूला ठेवतो. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात सन्मानाने मरण्याचा हक्क जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि आपली इच्छा आधी लिहून ठेवायची सोय मान्य केली. २४ जानेवारी २०२३ ला तिची पद्धत सोपी केली. तो निकाल मुख्यतः जीवरक्षक यंत्रणेबद्दल आहे, पण शुद्धीत असलेल्या माणसाचा नकार मानायचा, हे त्याच्या मुळाशी आहे. हमीद दलवाई मूत्रपिंडाच्या आजाराने १९७७ साली गेले, तेव्हा आपल्या देहाचं काय करायचं ते त्यांनी स्वतः ठरवून ठेवलं होतं. त्यांचा निर्णय प्रत्येकाला पटो न पटो, तो त्यांचा होता. आपल्या घरातल्या बाईला तिच्या पोटात जाणाऱ्या सुईबद्दल तेवढाही अधिकार असू नये?

फुफीने गोळ्या स्वतः थांबवायला सांगितल्या. घशाखाली उतरत नव्हत्या. डॉक्टर घरी आले, तिच्याशी बोलले, आम्हाला समजावलं की पाय पुन्हा सुजू शकतो, एकाएकी धाप लागू शकते, आणि तसं झालं तर द्यायची औषधं लिहून ठेवून गेले. त्यांनी गडद रंगाचे दोन-तीन टॉवेलही जवळ ठेवायला सांगितले. गाठीतून रक्त आलं तर पांढऱ्या चादरीवर ते फार भयंकर दिसतं, पेशंट घाबरतो आणि घरचे त्याहून जास्त. गडद टॉवेलवर रंग दिसत नाही, शांतपणे दाबून धरता येतं. इतकी साधी गोष्ट आम्हाला कुणी आधी सांगितली नव्हती. त्या टॉवेलांची वेळ आली नाही. अकराव्या दिवशी ती झोपेत गेली.

आता काही फुटकळ पण नेहमी विचारल्या जाणाऱ्या गोष्टी, पटकन. रोजा : आजारी माणसाला सूट आहे, आणि पाणी न पिता राहिल्याने रक्त घट्ट होऊन गुठळीचा धोका वाढतो. पेशंट हट्टाने रोजा धरत असेल तर गोळीच्या वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्या, स्वतः पुढे-मागे करू नका. उमरा : शेवटची इच्छा म्हणून बरीच कुटुंबं नेतात. इतके तास विमानात पाय लोंबकळत बसणं कॅन्सरच्या पेशंटला जोखमीचं आहे, तिकीट काढण्याआधी विचारा. गावाहून मुंबईला रात्रभर एसटीने नेतानाही तेच. मालिश : सुजलेला पाय गुठळीची शंका असताना तेल लावून चोळू नका, आपल्याकडे पहिला उपाय तोच असतो. ॲस्पिरिन आणि कॉम्बिफ्लामसारख्या दुखण्याच्या गोळ्या या औषधासोबत मनाने घेऊ नका, रक्तस्राव वाढतो. हकिमाचा काढा चालू असेल तर तो लपवू नका, डॉक्टरांना नाव सांगा.

आणि दवाखान्यात गेल्यावर एवढं तरी विचारा : हे औषध कशासाठी, त्रास कमी करायला की पुढचा धोका टाळायला? कशापासून बनलंय? दुसरं आहे का? कधी थांबवायचं हे आज ठरवता येईल का? प्रश्न पेशंटच्या खाटेजवळ विचारा, दाराबाहेर नको.

पोटरी मोजायची पद्धत, धोक्याची लक्षणं आणि हे प्रश्न एका पानावर मराठीत लिहून आणलेत, प्रती दाराजवळच्या टेबलावर आहेत. उर्दूत आणि आपल्या घरच्या बोलीत ते कुणी करून देणार असेल, विशेषतः भगिनींपैकी, तर चहाच्या वेळी मला भेटा. आता प्रश्न घेतो.